नागीण नव्हे

"एका नरावर नवी जात ठरत नाही, नीलम," चिंतामणी सर फोनवर म्हणाले. "म्हणजे नियमानं ठरते. पण माझं नाव खाली लागणार असेल तर मी तसं जाऊ देणार नाही. मादी आण."

नीलम बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पावसाळ्याच्या शेवटाला कंग्राळीत, भावाच्या भाताच्या बांधावर तिला एक किडा सापडला होता. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा लांब, तांबडा-काळा, लांबून बघितला तर मुंगीच वाटावा असा. पाठीवरचे कडक पंख इतके आखूड की बंडी वर सरकलेल्या माणसासारखं पोट उघडंच. डिवचला की शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर उचलायचा. रोव्ह बीटल. या कुळातले किडे तिनं पुष्कळ पाहिले होते, पण यांचे पंख निळे असतात आणि याचे होते हिरवट. सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या पोटाच्या टोकातला अवयव उकलून बघितला तेव्हा ती सगळी पुस्तकं पुन्हा चाळत बसली. या अवयवावरूनच जाती ओळखतात, आणि असा वळलेला काटा कुठल्याच चित्रात नव्हता.

चिंतामणी सर निपाणीला असत. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण या कुळाबद्दल विचारायचं तर दक्षिणेत अजून त्यांनाच विचारत.

मादी हवी म्हणून नीलम दिवाळीनंतर कंग्राळीला गेली. सुगी सुरू झाली होती. भात कापून रचलं होतं. तिनं भावाच्या गोठ्याच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि तिच्यावर मोठा दिवा सोडला. तीन संध्याकाळी. पतंग आले, तुडतुडे आले, आणि शेवटच्या संध्याकाळी हिरवट पंखांचे आले. एक मादी तिनं नळीत घेतली. बाकीचे चादरीवरून तुरुतुरु पळाले आणि भिंतीच्या कडेनं घराकडं गेले. ते तिनं पाहिलं. वहिनीला, मंगलला, ती म्हणाली होती, "या किड्यांना हात लावू नका हां, चरचरतंय." एवढंच. हातातल्या मादीपुढं तिला बाकी काही सुचलं नव्हतं.

बेळगावला परतल्यावर दोन दिवसांनी भरमूचा, तिच्या भावाचा, फोन आला तेव्हा ती निपाणीच्या बससाठी निघतच होती. मादीची नळी पर्समध्ये होती.

"नीलम, मंगलला नागीण झालीया."

"कुठं?"

"मानेवर. आन् डोळ्यावर. डोळा उघडंना झालाय. भावकू आप्पाला बोलिवलंय, लेप लावायला. तुला सांगावं म्हटलं."

"डोळ्यावर कसली नागीण? फोटो पाठव."

फोटो आला. मानेवर लाल, भाजल्यासारखी रेघ. तिच्या कडेला पिवळसर फोड. उजवी पापणी सुजून टम्म. नीलमनं तो फोटो मोठा करून बघितला आणि ती बसस्टॅंडऐवजी पार्किंगकडं पळाली. गाडीवर बसता बसता तिनं भावाला परत फोन लावला. "दादा, मी येतोय. मी येईस्तोवर लेप लावायचा न्हाय. ऐकतोयस न्हवं?"

"आप्पा आल्यात," भरमू म्हणाला आणि फोन ठेवला.

कंग्राळीपर्यंतचा रस्ता तिनं कसा कापला ते तिला सांगता आलं नसतं.

सोप्यात गल्ली गोळा झाली होती. मंगल भिंतीला टेकून बसली होती, पदर उजव्या डोळ्यावर दाबून. शेजारी नीलमची आई मनुबाई. समोर भावकू आप्पा, पितळी वाटीत पाला वाटून काव मिसळलेला तांबडा लेप घेऊन. गावात नागीण उतरवणारा माणूस म्हणजे आप्पा. सत्तरीचा, शांत बोलणारा. नीलमलाही लहानपणी त्यांनीच गालगुंडावर पाला बांधला होता.

"आप्पा, थांबा. ही नागीण न्हवं."

"मग काय हाय, पोरी?"

"नागीण अंगाच्या एकाच बाजूला उठती. वहिनीच्या मानेवर डाव्या अंगाला हाय आन् डोळा उजवा. आन् हे बघा." तिनं मंगलचा हात धरला आणि कोपर उघडलं. कोपराच्या घडीच्या वर एक लाल डाग होता आणि खाली अगदी तसाच दुसरा. "हात मिटला तवा वरचं खाली लागलं. शाई वली असताना कागद घडी घातल्यावानी. नागीण अशी छापत न्हाय."

आप्पांनी ते नीट पाहिलं. "दोन नागिणी निघत्यात कवा कवा," ते म्हणाले. "अंबुबाईच्या सुनंला बी निघालीया, गालावर. तोंड आन् शेपूट जुळायच्या आत लेप बसाय पायजे. न्हायतर माणूस हातचं जातंय."

"लेप डोळ्यात गेला तर?"

"पापणीवरच लावतो की. ह्या हातानं लई जनांना लावलाय."

"लावून घे बाई," मनुबाई मंगलला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "ह्या शिकलेल्यांचं नंतर बघू."

आप्पांनी वाटीत बोट बुडवलं. नीलम मध्ये उभी राहिली.

"हा किडा हाय," ती म्हणाली. "चावत न्हाय. अंगावर बसलेला झटकला, चिरडला, की त्याच्यातलं पाणी लागतं आन् कातडं जळतं. दुसऱ्या दिवशी उठतं, म्हणून कुणाला कळत न्हाय कशानं झालं. वहिनी, झोपेत मानेवरचं काय पुसलंसा का? मग त्याच हातानं डोळा चोळला असंल."

मंगलचा हात मानेकडं गेला. भरमू दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "तुला कसं ठावं?"

"मी त्यावरच काम करतोय, दादा. बांधावर असत्यात. भात कापलं की तिथनं निघत्यात आन् उजेडाकडं येत्यात."

"कुठल्या उजेडाकडं?"

नीलमला भिंतीच्या कडेनं घराकडं पळणारे ते किडे आठवले.

"माझ्या," ती म्हणाली.

भरमूनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तिला खाली बघावं लागलं. अंबुबाई, जिच्या सुनेच्या गालावर उठलं होतं, मागून म्हणाली, "म्हंजे हिनंच आनलं म्हना की घरात."

"किडा असंल तर दाव," आप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "बघू तरी."

नीलमनं पर्समधून नळी काढली. आत ओल्या कापसावर ती मादी फिरत होती. आख्ख्या सुगीत मिळालेली एकच. आप्पांनी नळी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मान हलवली. "ह्यो तर आमच्या रानात जलमभर बघतोय. ह्यानं काय हुतंय?"

नीलमनं नळी परत घेतली. विष माद्यांतच असतं, पण सगळ्याच माद्यांत नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं झाकण काढलं, किडा डाव्या हातावर कोपराच्या घडीजवळ टिपला आणि अंगठ्यानं दाबून वरपर्यंत रेघ ओढली. बारीकसा कुरकुरल्यासारखा आवाज झाला. उरलं ते तिनं चिमट्यानं उचलून नळीत टाकलं.

सगळे पुढं वाकले. हात जसाच्या तसा होता. गोरटेल्या कातडीवर थोडं ओलं, बस.

"काय झालं न्हाय की," अंबुबाई म्हणाली.

"आत्ता हुणार न्हाय. उद्या उठंल."

"मग उद्यापतूर थांबू," आप्पा म्हणाले. "आज लेप लावू. उद्या तुजा हात बघू."

त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मनुबाईनं मंगलच्या डोळ्यावरचा पदर बाजूला करायला हात पुढं केला. तेव्हा मंगल पहिल्यांदा बोलली.

"वन्सं, तुमची खात्री हाय?"

नीलम तिच्यासमोर उकिडवी बसली. सुजलेल्या पापणीतून पाणी गळत होतं. "त्या किड्याचंच हाय, त्याची खात्री हाय," ती म्हणाली. "डोळ्याचं काय हुईल ते मला ठावं न्हाय, वहिनी. खरं सांगतोय. पण त्यात आनखी काय जाऊ नये एवढं कळतंय."

मंगलनं थोडा वेळ तिच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. मग भिंतीला धरून उठली. "आप्पा, राग मानू नगा," ती म्हणाली. "मी दवाखान्याला जातो." आणि भरमूकडं न बघताच तिनं चप्पल पायात सरकवली. मग भरमू गाडीची किल्ली घ्यायला आत गेला.

बेळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. मंगलचा हात सारखा डोळ्याकडं जायचा आणि नर्स प्रत्येक वेळी ओरडायची, "कण्णु मुट्टबेडी!" मंगल कानडीतच "आयतु, आयतु" म्हणत हात खाली घ्यायची आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच. शेवटी नीलमनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. भरमू समोरच्या बाकावर बसला होता.

डॉक्टर कल्याणींनी आधी डोळा खूप वेळ धुतला. मग त्यात पिवळा थेंब सोडून निळ्या उजेडात पाहिलं. नीलमला बाजूनं दिसलं: बुबुळावर हिरवा चमकणारा ओरखडा, मधोमध नाही, पण मधल्या भागाच्या अगदी जवळ.

"अंगावर हे कशानं उठलंय ते कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

नीलमनं सांगितलं. कुळाचं नाव सांगितलं, विषाचं सांगितलं, चादरीचंही सांगितलं.

"बरं झालं बोललात. मी नागिणीचीच औषधं सुरू केली असती. चेहरा बघून तसंच वाटतं."

"दिसंल न्हवं?" भरमूनं मागून विचारलं.

"ओरखडा आत किती गेलाय त्यावर आहे. आज मी सांगणार नाही. दर दोन तासांनी थेंब घाला, डोळा बिलकुल चोळायचा नाही, आणि उद्या परत घेऊन या."

परतताना गाडीत मंगल मागं पडून राहिली. रस्त्याच्या खडबडीवर ती कण्हायची तेव्हा भरमूचा हात स्टेअरिंगवर घट्ट व्हायचा.

नीलम त्या दिवशी कंग्राळीतच राहिली. जाणं तिला शक्यच नव्हतं. मनुबाईनं तिच्यासमोर भाकरीचं ताट ठेवलं, पण तिला हाक मारली नाही.

सकाळी उठल्या उठल्या तिनं हात पाहिला. काही नव्हतं. तिनं तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, ओला करून पाहिला. लहानपणी लागलेल्या विळ्याचा वण तेवढा दिसला. मंगलची पापणी मात्र तशीच होती, आणि अंबुबाईच्या सुनेच्या गालावरचे फोड आता डोळ्याकडं सरकले होते. गल्लीत सकाळपासून आणखी दोघांना उठल्याचं ऐकू येत होतं. भावकू आप्पा येऊन नीलमचा हात बघून गेले. जाताना ओसरीवरच्या अंबुबाईला म्हणाले, "पाला आनून ठिवतो."

नीलम त्यांच्या मागं धावली. "आप्पा, दीस मावळेपर्यंत तरी थांबा. तिच्या सुनंच्या डोळ्यापाशी लेप नको."

"तुज्या हातावर काय आलं न्हाय, पोरी."

"येईल."

"न्हाई आलं तर?"

न येण्याचीही शक्यता होतीच. ती मादी बिनविषाची असली तर गावभर लेप बसणार होता, आणि तिची एकुलती एक मादीही फुकट गेलेली असणार होती. दुसऱ्या गोष्टीचा आपल्या मनात विचार आला याचीच तिला लाज वाटली.

"बरं," आप्पा म्हणाले. "दीस मावळेपतूर."

दुपारी मंगलला दवाखान्यात दाखवून भरमू परत आला. ओरखडा वाढला नव्हता, पण भरलाही नव्हता. तो घरात आला नाही. गोठ्यापुढं फवारणीचा पंप धूत बसला. शेजारचा शामू औषधाचा डबा घेऊन आला होता. नीलमनं ते पाहिलं आणि ती बाहेर आली.

"दादा, बांधावर मारणार?"

"बांधावर, वाफ्यात, नदीच्या कडंनं. सगळीकडं. गल्लीतल्या सगळ्यांनी ठरीवलंय."

"तेच किडे भातावरचं तुडतुडं खात्यात. ते मारलं तर पुढच्या वर्साला..."

"माज्या बायकूचा डोळा खाल्ला त्येनं," भरमू म्हणाला. तो ओरडला नाही. त्यानं पंप पाठीवर घेतला. "तुजी चादर बी जाळली मी सकाळी. दिवा तेवढा ठिवलाय, घिऊन जा."

दोघं बांधाकडं गेले. नीलम त्यांच्या मागं गेली नाही. ती मंगलपाशी जाऊन बसली आणि थेंब घालायची वेळ झाली तेव्हा तिनं थेंब घातले. मंगलनं डोकं मागं टेकलं होतं. तिच्या गालावरून पाणी ओघळलं ते पुसायला नीलमनं कापूस घेतला, आणि हात वाकवताना कोपरात चटका बसला.

तिनं हात उघडला. कोपराच्या घडीपासून वर एक बारीक गुलाबी रेघ आली होती, आदल्या दिवशी अंगठ्यानं ओढलेल्या रेघेवरच. आणि घडीच्या खाली, हात मिटला की जिथं टेकायचा तिथं, तिचंच लहानसं दुसरं रूप.

"काय झालं ओ?" मंगलनं विचारलं.

"उठलं," नीलम म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते. "वहिनी, उठलं."

ती आप्पांच्या घरी गेली तेव्हा ते दारात पाला निवडत बसले होते. त्यांनी चष्मा लावला, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, मिटला, उघडला, पुन्हा मिटला. तोवर रेघ चांगलीच लाल झाली होती आणि आग होऊ लागली होती.

"दुकतंय?"

"लई."

आप्पांनी पाल्याची जुडी बाजूला सारली. "न्हवं ही नागीण," ते म्हणाले. "काय करायचं सांग."

"साबणानं धुवायचं. चोळायचं न्हाय. किडा बसला तर चिरडायचा न्हाय, फुंकून उडवायचा. आन् आठ दिवस बाहेरचं दिवं बंद ठेवायचं, खिडक्या झाकायच्या."

आप्पा उठले. ते आधी अंबुबाईच्या दारात गेले आणि तिच्या सुनेला नवऱ्याच्या गाडीवर बसवून दवाखान्याला पाठवलं. मग काठी टेकत घरोघर फिरून हेच सांगत गेले. नीलमचं कुणी ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. शेवटी ते बांधावर पोचले. भरमू आणि शामूनं रस्त्याकडचा निम्मा बांध फवारून संपवला होता. आप्पा काय म्हणाले ते नीलमला कळलं नाही, पण संध्याकाळी पंप परत आला तेव्हा त्यात औषध शिल्लक होतं आणि नदीकडचा बांध तसाच राहिला होता.

भरमूनं ओसरीवर बसून बहिणीचा हात पाहिला. "मुद्दाम लावून घेतलीस," तो म्हणाला.

"व्हय."

"आन् मंगलला झालं ते?"

"ते माझ्यामुळं असंल, दादा. कदाचित सुगीमुळंच आलं असतं, अंबुबाईकडं माझा उजेड कुठं पोचतोय. पण आपल्या घरात मीच दिवा लावला. मला नक्की कळणार न्हाय कधी."

भरमू उठून आत गेला. मग आतून त्याचा आवाज आला, "च्या टाकलाय आईनं. ये."

ओरखडा भरायला दिवस लागले. मधे एकदा डॉक्टरांनी ताबडतोब बोलावून घेतलं होतं, डाग राहील की काय या भीतीनं, आणि ते दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मग एका सकाळी डॉक्टर कल्याणींनी मंगलला पुढं बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. कानडी अक्षरं होती. मंगलनं खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली. शेवटची ओळ तिला लागली नाही, पण ती डाव्या डोळ्यानंही लागली नाही. मानेवर काळपट रेघ राहिली. ती जाईल, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणाल्या.

नीलम निपाणीला गेली ती त्यानंतर. चिंतामणी सरांनी नराचा तो उकललेला अवयव तपासला, वळलेला काटा स्वतः दोनदा मोजला. मग मादीची नळी उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आत डोकं, एक हिरवट पंख आणि दोन पाय होते.

"हे असं कसं केलंस?"

तिनं सगळं सांगितलं. सरांनी नळी बंद केली. मग म्हणाले, "डोकं आणि पंख पुरेत. 'भग्न' असं लिही. आणि कातडीवर काय झालं तेही लिही, हातासकट. ते कुणी लिहीत नाही, फक्त काटे मोजतात." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नाव काय देणार? कंग्राळीचं?"

गावाचं नाव भरमूला नको होतं. "कंग्राळीचा विषारी किडा म्हनून झालं तर पोरींची लग्नं जमायची न्हाईत गावातल्या," असं तो गंभीरपणे म्हणाला होता. मंगलच्या नावाचा विषय तर तिच्यापुढं काढायचीही नीलमला हिंमत झाली नव्हती. शेवटी मार्कंडेय नदीचं नाव दिलं. नदी काय, शेजारच्या कडोलीचीही आहे आणि कंग्राळीचीही.

लेख छापून आला तेव्हा उन्हाळा होता. मंगल बाजाराला आली होती ती वाट वाकडी करून कॉलेजात आली. "बघू की तुमचा त्यो," ती म्हणाली.

नीलमनं नर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली. मंगल वाकली. तिनं डावा डोळा मिटला, आणि उजवा, तो दुखावलेला, भिंगाला लावला. नीलम बाजूला उभी राहून वाट बघत राहिली.

"पंख हिरवं हाईत," मंगल म्हणाली. "आन् अंगावर बारीक बारीक ठिपकं. वळीनं." ती बराच वेळ तशीच वाकून बघत राहिली. "देखना हाय की ओ मेला."

मग सरळ होत तिनं विचारलं, "सुगीला परत चादर लावनार?"

"लावायला पायजे. चांगली मादी मिळाली न्हाय अजून. पण नदीकडच्या टोकाला लावीन. घरापासनं लांब."

"एकट्या नगा जाऊ तिकडं. मी येतो," मंगल म्हणाली आणि भाजीची पिशवी उचलून निघाली.